अंबरनाथची आदरांजली

अंबरनाथ,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. उमा हिस,
अ. उ. आ.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो. १४ डिसेंबरला, रविवारी संध्याकाळी, आमच्या जॅझ मंडळाचा इथे कार्यक्रम आहे. एलिंग्टन नावाचे अमेरिकन संगीतकार होऊन गेले, त्यांना आदरांजली. मंडळ म्हणजे कारखान्याच्या बँडातले आम्ही उरलेले म्हातारे आणि सॅक्सोफोन वाजवणारा उल्हासनगरचा जितेश. शेवटची संथ रचना माझ्या एकट्याच्या क्लॅरिनेटवर संपते.

आता दातांचं. वरचे पुढचे दोन हलतात आणि क्लॅरिनेट नेमकी त्यांच्यावरच टेकते. डॉक्टर म्हणतात, काढा. काढले की कवळी आली, आणि कवळीवर नव्याने शिकण्याचं माझं वय नाही. कार्यक्रमापर्यंत दात राखायचे, दुसऱ्या दिवशी काढायचे, असं ठरवलंय. म्हणजे हे माझं शेवटचं वाजवणं. तू ऐकावंस अशी फार इच्छा आहे. हॉल मोठा आहे, सोबत माणसं आण.

तुझ्या सासूबाईंना, माईंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाळदादा

बेलवली, बदलापूर,
१ डिसेंबर

ती. बाळदादास,
शि. सा. न. वि. वि.

दात काढायला मुहूर्त बघणारा माणूस आपल्याच घरात निघावा. तोवर मऊ भात खा आणि चकलीला हात लावू नकोस.

मी येतेच. माई आणि त्यांच्या खरवईच्या भजनी मंडळातल्या बायकाही येतायत. माईंनी पत्रिका वाचून घेतली आणि ज्यांना आदरांजली आहे, ते गृहस्थ तुझ्या दादाचे कोण, असं विचारलं. मी म्हटलं, गुरूच समजा. मग तर जायलाच हवं, म्हणाल्या. पुढच्या रांगा आमच्यासाठी धर.

इकडे सगळे बरे. तुझा लोभ आहे, त्यात भरच पडू दे.

तुझी,
उमा

अंबरनाथ,
१७ डिसेंबर

चि. सौ. उमा हिस,
अ. उ. आ.

दात निघाले. बोलवत नाही, म्हणून पुन्हा पत्र.

जितेशला मागच्या मुलांनी भरपूर टाळ्या दिल्या. जॅझमध्ये एकट्याचं वाजवणं संपलं की तशी रीतच आहे. माझा शेवटचा सूर संपला, डोळे उघडले, तर समोर तुझ्या माई उठून उभ्या. त्यांच्यामागे बायका उठल्या, मग सगळा हॉल. टाळी एक नाही. लोक घरी जायला उठले, की वाजवणाऱ्याने काय ते समजावं. मागच्या दाराने निघालो आणि रिक्षा केली. तुला न भेटता गेलो, राग मानू नकोस.

क्लॅरिनेट जितेशला देऊन टाकली. घरात डोळ्यांसमोर नको वाटते.

मला वाईट वाटलं, हे तुझ्यापाशी लपवत नाही. जीव लावतेस, तो तसाच लाव.

बाळदादा

बेलवली, बदलापूर,
२१ डिसेंबर

ती. बाळदादास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही घरी निघालोच नव्हतो. स्टेजवर त्या गृहस्थांची तसबीर, तिला हार, शेजारी समई. पत्रिकेवर आदरांजली. तू शेवटचं इतकं संथ वाजवलंस की माईंना वाटलं, आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. त्या हात जोडून उठल्या म्हणून सगळे उठले. शोकसभेत टाळ्या कोण वाजवतं? मी वाजवायला हात उचलले होते, ते माईंनी धरले. मान वर केली तर तुझी खुर्ची रिकामी. घरी आल्यावर माईंनी आंघोळ केली, मगच जेवल्या.

हस, पण टाके सांभाळून. आणि जितेशला फोन करून क्लॅरिनेट परत माग. ती तुझ्या घरात नाही, हे मला सहन होत नाही.

अजून एक. उभ्या असताना बायका पदराने डोळे पुसत होत्या. मीही रडले. परतताना रिक्षात भजनी मंडळातल्या बनूबाईंनी विचारलं, गेलेल्या माणसाचं नाव काय होतं? दादा, आमच्यापैकी एकीलाही ते सांगता आलं नाही.

तुझ्या मायेची नेहमीच भुकेली,
उमा