मागल्याचं घर

बाबा, हे लिहायचं मी चार वर्षं टाळलं. कधी खोली नव्हती, कधी पेन. डभोईला दुकानात होतो तेव्हा दोन्ही होतं, पण समोर शेवउसळीची गाडी लागायची, आणि तो गाडीवाला असा गप्पिष्ट की... ते असू दे. आता बडोद्यातच, तरसालीत खोली घेतलीय आणि लिहायला बसलोय, ते तुमच्या मागल्यामुळे.

मंडळाच्या मासिकात तुम्ही दर महिन्याला त्याची गोष्ट लिहायचात ना, माणसाच्या एक पाऊल मागे उभा राहणारा, तोंड न दाखवणारा तो प्राणी. अकरा भाग झाले आणि तुम्ही गेलात. मागला खरा कोण, ते राहूनच गेलं. कुणीतरी त्या पानांचे फोटो टाकले, आणि आता त्याच्या चाहत्यांचा फोनवर ग्रुप आहे. दिवसभर भांडतात. तुमचा मुलगा आहे हे न सांगता मीही शिरलो.

ते खुणा गोळा करतात. मागला चपला हातात घेऊन जिना चढतो. डावखुरा आहे. बेल दाबत नाही, नखाने दार खरवडतो. मी त्या खुणा पुन्हा वाचल्या. रावपुऱ्यातल्या आपल्या जिन्यावर, तुम्हाला चाहूल लागू नये म्हणून, चपला हातात कोण घ्यायचं?

ग्रुपात पुण्याच्या एक निवृत्त बाई आहेत, सगळे त्यांना काकू म्हणतात. त्यांचा सगळा भर एका वाक्यावर. मागला म्हणतो, "माझं घर खाली आहे." काकूंनी ठणकावलं, "खाली म्हणजे जमिनीखाली. तो विहिरीतला आहे."

मला राहवेना. "काकू, बडोद्यात खाली म्हणजे रिकामं."

"हे कुठलं मराठी?"

"आमच्या घरातलं."

त्यावर काकूंनी विचारलं, "बाळ, तू कोणाचा?" सांगून टाकलं. त्यांनी पत्ता मागितला, तोही दिला.

ते वाक्य तुमचंच. मी कुठेतरी भटकत होतो, तुम्ही फोनवर म्हणालात, "अरे, घर खाली आहे." मी म्हटलं, "मग भाड्याने द्या!" आणि हसलो. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. आपलं शेवटचं बोलणं ते. शब्द तुमचे, लकबी माझ्या. मग मागला कोण, तुम्ही की मी?

त्याहून वेगळीच भीती आहे. अकराव्या भागात मागला गेलेल्या माणसाचा चष्मा लावून आरशापुढे उभा राहतो, आपण त्याला कसे दिसत होतो ते बघायला. बाबा, मी हे केलंय. तुमच्या तेराव्याला, बाहेर पंगत बसली होती तेव्हा, आतल्या खोलीत, दार लावून. तेव्हा मी तुमची एकही ओळ वाचली नव्हती. तुम्ही हे आधीच कसं लिहून ठेवलंत?

पत्र टाकणार तरी कुठे? ग्रुपवर मीही शेवट हवा म्हणून ओरडतो. पण कबूल करतो, बारावा भाग नाही याचं मला बरंच वाटतं. तुम्ही मला काय समजत होतात, ते त्यात असणार.

थांबा. घरमालकीण हाक मारतेय, "ओ भाई, पूनाथी कोई बेन आव्यां छे!" पुण्याहून कुणी बाई आल्यात म्हणे.

जिन्याच्या तोंडाशी एक बाई उभ्या आहेत, खांद्याला पिशवी, हातात बंद पाकीट. पाकिटावर तुमचं अक्षर.

"मीच काकू," म्हणतायत. "मासिक वाचून मी त्यांना पत्रं लिहायची. जायच्या आधी त्यांनी हा शेवटचा भाग माझ्याकडे पाठवला, मुलाच्याच हाती द्या म्हणाले. मी उघडलं नाही रे, आणि इतके दिवस तुझा पत्ताच नव्हता. वर येऊ का?"