नवरीच्या कपाटातली पांढरी साडी

लातूर, जिल्हा लातूर
होळीनंतरचा मंगळवार

प्रिय पंचशीला,

सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. काही बिघडलेलं नाही, लग्न ठरल्याप्रमाणे वैशाखातच आहे. धम्मपालची पत्रं तुला येतात ते मला माहीत आहे, तो पोस्टाच्या पेटीकडे निघाला की आधी केस विंचरतो. पण हे पत्र माझं, त्याला ठाऊक नाही. पत्त्यात ‘जिल्हा लातूर’ लिहिताना माझा हात अजून अडखळतो. जिल्हा होऊन चार वर्षं झाली तरी मी सवयीनं उस्मानाबाद लिहून खोडते. मग तुझे होणारे सासरे म्हणतात, “आमची कलेक्टर कचेरी परत पाठवून राहिलात काय?” या कचेरीसोबतच बदली होऊन आम्ही इथं आलो, तेव्हा त्यांचा जीव तिच्यात गुंतलेला आहे.

इथं पाण्याचे हाल आहेत. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबतो आणि ज्या बायका एरवी एकमेकींची विचारपूस करतात त्याच घागरी पुढे सारायला भांडतात. पाणी भरून झालं की पुन्हा विचारपूस. तुम्हाला नांदेडला गोदावरीचा आधार आहे, तरी तुझ्या वडिलांनी धर्माबादकडच्या विहिरींबद्दल लिहिलं होतं आणि पंगत कशी घालावी म्हणून संकोच दाखवला होता. ह्यांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं, की पंगत नको, चहा, चिवडा आणि एकेक लाडू पुरे. अशा साली माणसं जेवून नाही तर बघून तृप्त व्हावीत. तेव्हा तो विषय संपला. राहिला आहे तो एकच, आणि तो माझ्याकडे आहे. नवरीची साडी मुलाकडून असते. मी हिशेबाची वही ठेवणारी बाई, मानाच्या साड्या आणि नवरीच्या दोन साड्या असलं मला जमणार नाही, हे तुला आधीच सांगते. एकच साडी, पण अशी की नेसताना तुझा चेहरा फुलला पाहिजे. ती मिळेपर्यंत माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

आमच्याकडे पांढरी नेसवतात. माझ्या लग्नात मी पांढरी नेसले होते. साधी सुती, काठाला निळी रेघ. सगळं गाव म्हणालं, नवरी आहे का परिचारिका. पण वंदना म्हणताना मला जे वाटलं ते मी कुणाला सांगू शकले नाही. अजूनही पौर्णिमेला विहारात जाताना पांढरी नेसले की तोच दिवस आठवतो. म्हणून तुझ्यासाठी पांढरीच, पण सुती नाही, चांगली रेशमी, जरीकाठाची, हे मी मनात धरून ठेवलं होतं.

आमच्या मुख्य रस्त्यावर किशनरावांचं नवं दुकान झालं आहे. डिपार्टमेंटल स्टोअर अशी पाटी आहे, पण सगळे त्याला तीनमजली म्हणतात. तू येशील तेव्हा बघशीलच. खालचा मजला खेड्यावरून कचेरीच्या कामाला आलेल्या माणसांसाठी. धोतरं, लुगडी, घोंगड्या, दोर, आणि यंदा दाराशीच प्लास्टिकच्या घागरींचा डोंगर. मधला मजला आमच्यासारख्या नोकरदारांचा. टेरिकॉट, शाळेची दप्तरं, कुकर, आणि लग्नाच्या साड्यांची काचेची कपाटं. वरचा मजला साहेब लोकांचा. तिथं गालिचे, फुलदाण्या, अत्तरं, बसायला सोफा, डोक्यावर पंखा, आणि थंड पाण्याचा कूलर. पाणी फक्त वर. खालचा रांजण कोरडाच असतो. त्यामुळं सगळं लातूर हल्ली गालिचे बघायला जातं. परवा एक फेटेवाले आजोबा गालिच्यावरून हात फिरवत फिरवत कूलरपर्यंत पोचले, दोन पेले प्याले आणि नोकराला म्हणाले, “रंग बरा न्हाई रं,” आणि उतरून गेले. मीही फुलदाणी उलटी करून बघितली आणि पाणी प्याले. खोटं कशाला सांगू.

दारात रेवणसिद्ध नावाचे एक गृहस्थ उभे असतात. त्यांचं काम एवढंच, आलेल्या माणसाला त्याच्या मजल्यावर धाडायचं. ते तोंडाकडे बघतच नाहीत, पायाकडे बघतात. धुळीच्या वहाणा असल्या की खाली, कातडी बूट असले की वर. पण आपली खेड्यातली माणसं कापडाच्या पेढीवर चढताना वहाणा बाहेर काढतात ना, तशीच इथंही काढतात. फरशी बघून तर आणखीच. मग दाराशी वहाणांचा ढीग आणि रेवणसिद्धांची पंचाईत, कुठले पाय कुठल्या वहाणांचे!

मी आणि तुझी पंचफुला मावशी बरोबर गेलो. मावशी आमच्याच गल्लीत राहते आणि हे लग्न तिनंच जुळवलं, म्हणून बस्त्याला तिचा मान. तिनं लेकीच्या टाचेच्या चपला घातल्या होत्या, माझ्या पायात रबरी. रेवणसिद्धांनी मावशीला म्हटलं, “या मॅडम, वर चला, पंख्याखाली बसा,” आणि मला म्हटलं, “बाई, तुम्ही खालीच बघा.” मावशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून ओरडली, “आवो, ह्या माझ्या यीनबाई हायेत! ह्यांच्या पिशवीत पैसे हायेत, माझ्या चपलात न्हाई!” खालची सगळी गिऱ्हाइकं हसली. रेवणसिद्धही हसले. मनाचे बरे आहेत.

आधी खालीच विचारलं, कारण उभी तिथंच होते. पांढरी साडी दाखवा म्हटल्यावर तिथल्या विक्रेत्यानं आवाज एकदम खाली आणला, जाडंभरडं बिनकाठाचं पातळ पुढं ठेवलं आणि म्हणाला, “कधी झालं हो बाई?” मी म्हटलं, अजून व्हायचंय, वैशाखात. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मावशी तर माझ्या पाठीत तोंड खुपसून हसत होती. मग मी समजावून सांगितलं, की आमच्यात नवरी पांढरी नेसते. तो म्हणाला, मग मधल्या मजल्यावर जा. मधल्या मजल्यावर काचेच्या कपाटात लाल, हिरव्या, मोरपंखी, जांभळ्या, डोळे दिपतील अशा साड्या, पण पांढरी नाही. तिथली बाई म्हणाली, पांढरं खाली. वर गेलो तर पांढरी होती, पण पातळ झिरझिरीत, साहेबांच्या बायका चहापाण्याला नेसतात तसली. खालच्याला म्हाताऱ्यांची माहिती, वरच्याला मेजवान्यांची, मधल्याला लग्नांची. कोण कसं जगतं, काय नेसतं हे त्या दुकानाला एवढं ठाऊक, पण आपली नवरी कुठल्याच मजल्यावर नव्हती.

शेवटी किशनराव स्वतः गल्ल्यावरून उठून आले. माझ्याशी अदबीनं बोलले. आडनाव विचारलं नाही. साडी मागितली तेव्हाच त्यांना कळलं असणार. त्यांनी गोदामातून एक गठ्ठा मागवला, आणि पंचशीला, त्यात ती निघाली. दुधासारखी नाही, सायीसारखी. तांबूस जरीचा काठ, पदरावर छोटी पिंपळपानं. नमुना म्हणून आली होती आणि पडून होती. मी म्हटलं, अशी वस्तू गोदामात का, या काचेच्या कपाटात का नाही? ते हळूच म्हणाले, “ताई, तुमच्यासाठी काढली की. पण लग्नाच्या कपाटात पांढरी ठेवली तर बाकीची गिऱ्हाइकं अपशकुन म्हणतील. धंदा हाय हा. तुम्ही घ्या, मागच्या खोलीत बांधून देतो.”

मागच्या खोलीत. मला राग आला नाही असं नाही. पण रागानं बोललेलं माणसाच्या कानात जात नाही, हे मी कचेरीवाल्याच्या संसारात शिकले आहे. मी म्हटलं, किशनराव, आमच्या वस्तीतल्या मुलींच्या बस्त्याला माणसं पहाटेच्या एसटीनं नांदेडला जातात, काही नागपूरपर्यंत जातात. नवरीबरोबर नवरदेवाचे, करवल्यांचे, मामाचे, सगळे कपडे तिकडेच घेतात. तुमच्या दारावरून तुमचं गिऱ्हाईक एसटीत बसून जातंय. त्याला मागच्या खोलीत बोलावलंत तर ते येईल का? ते कपाळ चोळत राहिले.

तेवढ्यात शेजारी लाल साड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसलेल्या एक बाई सरकल्या. गौरम्मा त्यांचं नाव, निलंग्याकडच्या, लेकीच्या बस्त्याला आलेल्या. त्यांनी सरळ त्या पांढऱ्या साडीचा पदर हातात घेतला, उजेडाला धरला. किशनराव घाबरून म्हणाले, “अवो ती पांढरी हाय, तुमची न्हाई ती.” तर गौरम्मा म्हणाल्या, “पांढरी हाय ते दिसतंय की हो मला. आमच्या माहेराकडं धारेला, म्हणजे कन्यादानाच्या वेळी, नवरीला पांढरीच नेसवितात, तांबड्या काठाची. मामा देतो. अपशकुन कशाचा आलाय? अशी आणखी हाय का बोला, एक मला पाहिजे.” मावशीनं किशनरावांकडे असं बघितलं, की त्यांनी स्वतःच्या हातानं काचेचं दार सरकवलं आणि ती साडी लाल आणि मोरपंखीच्या मधोमध टांगली. “आता बरं दिसतं का ताई?” म्हणाले. फार बरं दिसत होतं गं. मी हात जोडले. ते म्हणाले, बांधू का मग?

आणि तिथंच पंचफुला मावशीनं माझा हात धरून बाजूला ओढलं आणि इतका वेळ पोटात ठेवलेलं बोलून टाकलं.

त्यानंतर मी किशनरावांना म्हटलं, बांधू नका. त्यांचा चेहरा तुला बघायला मिळायला हवा होता. “ताई, एवढा वाद घातला, कपाट उघडायला लावलं, आन आता घेणार न्हाईत?” मी म्हटलं, घ्यायची की नाही ते नवरी सांगेल. तिथंच असू द्या. गौरम्मा खो खो हसल्या, म्हणाल्या, “सासू चांगली मिळाली की पोरीला!” किशनराव म्हणाले, “राहू द्या. काचेत हाय तोवर लोकं बघतील तरी.” घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, साडी? मी म्हटलं, लावून आले. त्यांना काही समजलं नाही.

मावशीनं काय सांगितलं ते तुला कळलंच असेल. तू तिला म्हणालीस, की मी रोज दवाखान्यात पांढऱ्यात असते, धुते पांढरं, इस्त्री करते पांढरं, रक्ताचे डाग काढते ते पांढऱ्यावरचे, आणि लग्नातही पांढरंच का? आणि मग म्हणालीस, आत्याबाईंना सांगू नको, त्या धर्माच्या पक्क्या आहेत, मी नेसेन गुपचूप. ते ‘गुपचूप’ मला टोचलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी विहारात भंतेजींना मुद्दाम विचारून आले, ते म्हणाले, धम्मात रंगाची सक्ती कुठंच नाही. मला पांढरीच आवडेल, हे तुझ्यापासून लपवत नाही, आणि ती साडी आहेही तशी. पण मला माझ्या घरात गुपचूप नेसणारी सून नको. सुट्टीच्या दिवशी तुझ्या आईला, नागुबाईंना घेऊन ये. कपाटापुढे उभी राहा आणि ज्या साडीकडे आधी हात जाईल तिच्याकडे बोट कर. पांढरी असली तर मला आनंद होईल. मोरपंखी असली तर मी तुझ्या अंगावर ती बघत बघत आनंदाची सवय करून घेईन, त्याला किती दिवस लागतात! फक्त एक कर. उत्तर धम्मपालच्या पत्रात खाली दोन ओळींत घालू नकोस. मला वेगळं लिही, माझ्या नावानं, आणि सासूला लिहितात तसं जपून लिहू नकोस.

आत्याबाई म्हणशील तर आत्याबाई, आई म्हणशील तर आई,
पण तुझीच,
सिंधु