वयनी, घर म्हणजे कुठलं?

प्रिय वयनी,

तुमच्या खाटेवर बसून लिहितेय. गावचा गणपती आटोपला आणि तुमच्या संतोषने मला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इथे मुंबईत, काळाचौकीला आणलं. आठ दिवस लिहायचं-वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज नववा दिवस. नव्या डोळ्याने पहिलं पत्र तुम्हालाच, आणि तेही भांडायला!

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. जिवंत होतात तोवर थोरल्या जावेपुढे कधी आवाज चढवला नाही. आता ऐकावंच लागेल.

दर मे महिन्यात गावी यायचात, खळ्यात पाय पसरून बसायचात आणि म्हणायचात, "शालन, राणी गो तू! हवा काय, सावली काय! माझा नशीब मात्र त्या खोलयेत कुजता." आठवतंय? मला किती वाईट वाटायचं! त्या दयेपोटी मी तुमच्या गाठोड्यात दोन पायली उकडे तांदूळ जास्त घालायची. निवडलेली कोकमाची सोलं तुम्हाला, काळी पडलेली मला.

आणि इथे येऊन बघते तर काय?

आपल्या वाडीत नऊ घरं, त्यातल्या सहांना कुलूप. ती सहाच्या सहा घरं इथे, तुमच्याच चाळीत, तुमच्याच मजल्यावर आणि वरच्या! सकाळी गॅलरीत उभी राहिले तर चहूकडून मालवणीत हाका. शनिवारी गावकऱ्यांच्या खोलीत भजन. गावी भजनाला बसायचं तर पखवाजाला माणूस मिळत नाही, आणि इथे दोघांचं भांडण, आज कोण वाजवणार म्हणून. गाव हवं गाव हवं म्हणत गळा काढायचात, वयनी, आणि अख्खा गाव तुमच्या दारात होता की हो!

सांगितलं का नाहीत कधी? मी जळेन म्हणून? जळले असतेच. आता जळतेच आहे.

दोन वर्षांपूर्वी मी परसात घसरून पडले. दुपार होईपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. विहिरीच्या कठड्याला टेकून मी आपली सावली सरकताना बघत बसले, तुम्ही जिचं कौतुक करायचात तीच सावली. आणि इथे परवा दार उघडायला जरा उशीर झाला तर तीन बायका कडी वाजवायला हजर! दवाखाना तर असा की चपला घातल्या आणि पोचलो.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? त्या अळूचा. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत तुम्ही अळू लावलंत, मी दिलेल्या कंदांचं. माझ्या परसात अळू कमरेएवढं वाढतं, पण वड्या करून खायला घालू कोणाला? तुमच्या चार डब्यांतल्या वड्या म्हणे सगळा मजला वाट बघून खायचा.

हे मला सांगितलं शेजारच्या प्रमिलाने. तीन वर्षं तीच त्या डब्यांना पाणी घालते. म्हणाली, "गावाला निघाल्या तेव्हा चावी माझ्या हातात दिली. बोलल्या, प्रमिला, बरं वाटलं की महिन्याभरात येते, तोवर घर बघ माझं."

मी लगेच तिला सुधारलं. "खोली म्हणाल्या असतील. आमच्यात घर म्हणजे गावचं."

"नाही ओ काकी. खोली मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलंच नाही. याला त्या घर बोलायच्या. तिकडच्याला गाव."

वयनी, माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरून म्हणत होतात, "शालन, माका घराक घेवन चल." रोज. आणि मी शहाणी रोज सांगायची, "वयनी, घराकच आसास तुमी." खिडकी उघडून माड दाखवायची. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवायचात. मी संतोषला फोनवर सांगितलं, त्यांना भ्रम झालाय, घरात असून घर मागतात.

तुम्ही शुद्धीत होतात. चुकले मी.

पण मग मला एवढी वर्षं कशाला खोली, खोली म्हणून सांगितलंत? माझं मन राखायला? अहो, तुमच्याकडे माणसं, भजन, दवाखाना, सगळं होतं. माझ्याकडे एकच गोष्ट होती, की घर माझ्याकडे आहे. तेही तुमचंच निघालं! हेवा वाटतो मला तुमचा, वयनी. सरणावर गेलेल्या बाईचा हेवा करते मी, लाज वाटते लिहायला.

वर्षश्राद्धानंतर दोन वर्षं म्हाळाचं पान मी गावी वाढलं. दोन्ही वर्षी कावळा माडावर बसून राहिला, पानाला शिवेना. मला वाटलं, मीठ कमी पडलं.

काल संतोषने विचारलं, "काकी, म्हाळाला गावाला जायचं ना?" मी म्हटलं, नाही.

शब्द देते. यंदा तुमचं पान इथे, या गॅलरीत, अळूच्या डब्यांशेजारी. वड्या करते म्हणून प्रमिला आत्तापासून मागे लागलीय, पण तिला मी पानाला हात लावू देणार नाही. तेवढा मान माझा. चुकले मी, तेव्हा वाढणारही मीच. आणि पान ठेवताना, तेव्हाच तुम्हाला इथे आणून म्हणायला हवं होतं ते म्हणेन: वयनी, घराक इलास. आता जेवा.

तुमची धाकटी जाऊ,
शालन