पाचटातली पलटण

मंगळवार, संध्याकाळ. कुंडल.

आज आप्पांनी कमाल केली! ऊस तुटून महिना झाला. शेतात उरलेलं वाळक्या पाल्याचं पाचट पेटवायचं, हा त्यांचा हट्ट. कुजू द्या, हा माझा. विघटकांचा अख्खा धडा वाचून दाखवला, तरी आमचे निवृत्त सुभेदार हट्टावर कायम.

आज शेजारचे तात्या माचीस घेऊन बांधावर आले. "सुभेदार, पेटवायचं का?"

आप्पांनी मूठभर पाचट उचललं. खाली पांढरी बुरशी, वळवळणारी गांडुळं.

"तात्या, माझी पलटण कामावर हाय. माचीस खिशात ठेवा."

पलटण! मला का नाही सुचलं हे?

घरी आल्यावर आप्पांनी स्वतःच्या खिशातूनही माचीस काढली. म्हणजे महिनाभर रोज घेऊनच फिरत होते? ती त्यांनी माझ्या जीवशास्त्राच्या पुस्तकावर ठेवली.

"हत्यार जमा," म्हणाले.