पश्चात्तापाचे पाच गुण

३ सप्टेंबर
डीनबाईंनी बोलावलं. आपल्या विद्यापीठात एकाच चुकीला गोऱ्या मुलांना ताकीद आणि काळ्या मुलांना निलंबन, असं आकड्यांत दिसतंय म्हणे. शिस्तीचे नियम नव्याने लिहायचे. काम माझ्याकडे, कारण मी तटस्थ. खरंच आहे. बायको, रोझमेरी, वारल्यापासून मला कशाचंच काही वाटत नाही. अशा कामाला असाच माणूस लागतो. महिन्याभरात उरकतो.

८ सप्टेंबर
दोष सापडला. पश्चात्ताप दिसला तर शिक्षा कमी, असा जुना नियम. दिसला की नाही, हे मात्र निकाल देणाऱ्याच्या मर्जीवर. उपाय: गुण. डोळ्यांत पाणी, दोन. आवाज कापरा, दोन. मान खाली, एक. सर्वांना एकच माप. रंगाचा प्रश्न मिटला.
ऑफिसातली इव्हेट (काळी, तोंडाने तिखट) म्हणाली, वेंडेल, हा काय नाटकाचा क्लास आहे का रे? मी हसण्यावारी नेलं. नंतर लक्षात आलं, हसलो नव्हतो.
शेजारच्या मिसेस ड्वायर, दुखवट्याचं घर म्हणून, पुन्हा मॅकरोनी घेऊन आल्या. यापुढे नको म्हणायचं ठरवलं. घेतली.

१९ सप्टेंबर
पहिलं प्रकरण. हॉस्टेलच्या जिन्यात दोन मुलांची ढकलाढकली. दोघांनी कबूल केलं, दोघांनी माफी मागितली. कॉनर ढसाढसा रडला: पाच. टेरेन्स गॅडिस दोन्ही हात टेबलावर ठेवून, सरळ बघत, हो सर, चुकलं सर, एवढंच म्हणाला: शून्य. कॉनरला ताकीद. टेरेन्स एक सत्र बाहेर, शिष्यवृत्तीही गेली. कॉनर गोरा, टेरेन्स काळा. योगायोग. माप सारखंच होतं.
इव्हेट दार न वाजवता आत. म्हणाली, पोलीस असो की साहेब, हात दिसतील असे ठेव, आवाज चढवू नकोस, चेहरा हलू देऊ नकोस, हे आम्ही पोरांना शिकवतो. जिवंत घरी यावीत म्हणून. त्याचे तू गुण कापतोस?
मुद्दा नोंदवून घेतो, म्हणालो.
नोंदव बाबा, म्हणाली, नोंदवण्यात तुझा हात कोण धरणार?

२२ सप्टेंबर
मुद्दा पटला. शुक्रवारी टेरेन्सचं अपील आहे. त्याआधी गुण रद्द करा, असं डीनबाईंना लिहितो. उद्या सकाळीच.

२६ सप्टेंबर
लिहिणं झालं नाही. रोझमेरीच्या थडग्यावर कोरायचा मजकूरही कळवायचा राहिला. कमिटीने अपील फेटाळलं. शून्यावर काय बोलणार, म्हणाले. पद्धतीचं मात्र कौतुक झालं. सोमवारी नक्की लिहितो.

३० सप्टेंबर
टेरेन्सची आई सामान न्यायला आली होती. मी खाली जाऊन एक खोकं उचललं. म्हणालो, ही पद्धत मी बंद करायला लावणार आहे, मला फार वाईट वाटतंय.
तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. दिसत नाही, म्हणाली.
मग म्हणाली, त्याची उशी वर राहिलीये, तेवढी आणता?
आणून दिली.