मोंबासाच्या बोटीआधी

पौष वद्य ३, शके १८५८

नापास!

बीदरच्या दवाखान्यात डाक्टरीण बाईंनी माझी पापणी काडीवर उलटी केली, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "खुपऱ्या आहेत. असल्या डोळ्यांनी बोटीवर घेत नाहीत. चुकून घेतलंच, तर मोंबासाच्या धक्क्यावरून परत पाठवतात."

अप्पा दुकान बंद ठेवून माहेराहून, भालकीहून, माझ्यासाठी आले होते. मोटारीत सगळ्या वाटेनं टोपी हातात धरून बसले.

म्हणजे मी इथंच. हे तिकडं मोंबासाला रेल्वेत तारबाबू, आणि मी चिटगुप्प्यात सासूबरोबर, आत्याबाईंबरोबर, ज्वारी निवडत. लग्न झाल्यावर एक पावसाळा काय तो एका घरात राहिलो. आता ह्यांनी तिकडं कायमची नोकरी झाल्यावर मला बोलावलंय, आणि डोळे असे!

डाक्टरीण बाई म्हणाल्या, औषध रोज करा, शिमगा झाल्यावर या. डोळे साफ झाले तर दाखला देईन.

घरी आले तर आत्याबाई सोप्यात बसलेल्या. "पास झालीस?"

"न्हाई."

"बरं," म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं की वाईट, कळलं नाही.


पौष वद्य ५

इथल्या सरकारी दवाखान्यातले कंपौंडर जगदेवप्पा. त्यांनी पापण्या उलट्या करून मोरचुदाचा खडा घासला. आई गं! डोळ्यांत मिरचीची भुकटी ओतावी तसं. "डोळं उघडं ठिवा अक्का, मिटू नगा," ते म्हणत होते, आणि मी बाकाची कड धरून पाय झाडत होते. आत्याबाई शेजारी बसून माझ्या पदराचं टोक ओढून धरत होत्या. परक्या पुरुषासमोर डोकं उघडं पडू नये म्हणून!

आणखी एक. काजळ बंद, आणि एकमेकींच्या पदरानं तोंड पुसायचं नाही. हा रोग एकीचा दुसरीला लागतो म्हणे. आत्याबाई चिडल्या. एरंडेलाच्या दिव्यावर त्या स्वतः काजळ धरतात, सणावाराला आधी आपल्या डोळ्यांत घालतात, मग त्याच बोटानं माझ्या. "माझ्या काजळानं कुणाचं डोळं गेलं गं? सांग की!" 

जेवल्या नाहीत.


पौष वद्य ६

दोन्ही डोळे सुजलेत. लिहवत नाही.


माघ शुद्ध ४

जीव एका जागी राहत नाही. सकाळपासून तीनदा आडावर गेले. पाणी तर भरलेलंच होतं! परतायचं, पुन्हा दारात उभं राहायचं. चूल पेटवायची, विझवायची. मोंबासा केवढं असेल? तिथं बायका डोक्यावर पदर घेतात का? समुद्र मी पाहिलेला नाही. तळ्याएवढा का तळ्याहून मोठा, असं ह्यांना विचारलं होतं तेव्हा हे हसले होते.

ह्यांचा आवाज आठवतो. चेहरा नीट आठवत नाही. हे कुणाला सांगू?


माघ शुद्ध ९

अप्पा चौकशी करून आले. डोळ्यांचा दाखला मिळाला तरी सुटका नाही. हैद्राबादला रेसिडेन्सीच्या कचेरीत साहेबापुढं उभं राहायचं. खरीच बायको आहे का, ते तो विचारून विचारून पारखतो. नवऱ्याचं नाव, गाव, अंगावरच्या खुणा. सासूची साक्षही लागते.

आत्याबाई म्हणाल्या, "येते की. मी न्हाई तर कोण?"

मला वाटलं होतं नाही म्हणतील.

जेवणं झाल्यावर मला समोर बसवलं. आपण उंच पाटावर बसल्या, मान ताठ केली, आणि दखनीत— "बोलो, तुमारा मरद का नाम क्या?"

मला हसू फुटलं. "आत्याबाई, नाव कसं घेऊ?"

"साब पूछरा! बोलो!"

हसता हसता त्या थांबल्या. "त्याच्या पाठीवर खूण हाय, ठावं हाय का?" मी नाही म्हणाले. पाठ मी कधी उजेडात पाहिलीच नाही, हे त्यांना कसं सांगणार? मग त्यांनीच सांगितलं. हे लहानपणी कडब्याच्या गंजीवरून पडले, डाव्या खांद्याखाली विळा लागला. ह्यांना अंबाड्याची भाजी लागते, पण लसूण करपला तर ताट सारतात. ताप आला की एकटं पडून राहतात, कुणी विचारलेलं खपत नाही. "तवा विचारू नगंस. नुस्तं जवळ बसावं."

मी ऐकत होते. स्वतःच्या नवऱ्याची ओळख सासूकडून! त्याही थांबत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "तिथं गेल्यावर मी न्हाई सांगायला. ध्यानात ठिव."


माघ वद्य २

उद्धव. उद्धवराव.

लिहिता येतं. तोंडातून निघत नाही.


माघ वद्य ११

शेजारच्या शकुबाई आडावर, सगळ्यांदेखत— "म्हातारीला टाकून जायलीस व्हय? तिला दुसरं कोण हाय गं?"

मी घागर उचलून चालू पडले. उत्तरं रस्त्यात सुचली, चार-पाच. एकही खरं नव्हतं.

खरं हे की मला जायचंय. ह्यांच्यासाठी, हो. पण बोट बघायचीय. जिथं मला कुणी अमक्याची सून म्हणून ओळखत नाही तिथं एकदा रस्त्यानं चालायचंय. असं वाटणं वाईट का? वाईट असेल. तरी वाटतं.


फाल्गुन शुद्ध १३

जगदेवप्पा म्हणाले, "आता बघा, पापणी कशी गुळगुळीत झाली!" परवा शिमगा. मग बीदर, तिथून हैद्राबाद!

आत्याबाईंनी सुईत दोरा ओवायला मला हाक मारली. आठवड्यात कितव्यांदा! माझी चिडचिड झाली. "इतका घाई-घाईचा वेळ अन् तुमचं हे," असं बोलून गेले.


फाल्गुन वद्य ६

बीदर. धर्मशाळेत बसून लिहितेय. आत्याबाई झोपल्यात, की पडून आहेत कोण जाणे.

क्रमानं लिहिते. नाहीतर डोक्यात राहणार नाही.

मोटारीतून उतरलो. आत्याबाई उतरल्या आणि नीट चालत जाऊन उभ्या बैलावर आदळल्या. गाडीवाला ओरडला, "दिसंना का माय?" त्या हसल्या, "उन्हाची तिरीप आली डोळ्यावर." मग माझा पदर धरला. मला वाटलं, गर्दीला भ्यायल्या. दवाखान्याला पायऱ्या होत्या. पहिलीलाच ठेचकाळल्या. घरी त्या आडावरून भरली घागर घेऊन अनवाणी येतात, एक थेंब सांडत नाही! इथं पाऊल टाकायच्या आधी पायानं जमीन चाचपत होत्या.

डाक्टरीण बाईंनी माझे डोळे बघितले. "साफ." दाखल्यावर सही केली. मला उडी मारावीशी वाटली. मग त्यांची नजर माझ्यामागं गेली. "आजी, इकडं या. ही बोटं किती?"

आत्याबाई म्हणाल्या, "बोटं मोजायला मी काय शाळंत बसलेय?"

बाई हसल्या नाहीत. जवळ गेल्या, पापणी उचलली. एका डोळ्यात फूल पडलंय. दुसऱ्यात नुसता उजेड. माझ्याच त्या खुपऱ्या, पण किती वर्षांच्या! पापणीचे केस आत वळून बुबुळ घासून गेलंय. "गेलेलं येणार नाही. आहे तो उजेड राखता येईल. औषध घालायला कुणीतरी हवं, रोज."

बाहेर आलो. लिंबाच्या पारावर बसवलं त्यांना. विचारलं, "कवापासून?"

"लग्नात तुझं तोंड बघितलं तेवढं. तेबी धुरकट. आता आवाजावर वळखते."

"ह्यांना ठावं हाय?"

"त्याला सांगिटलं असतं तर त्यो गेला असता का?"

"मग मला कामून सांगितलं न्हाई?"

"तूबी गेली नसतीस मग."

दाखला माझ्या कनवटीला होता. मी सुईदोऱ्यावरून त्यांना काय बोलले होते ते आठवलं, आणि पारावरून उठून उगाच लिंबाभोवती फिरत राहिले. बसता येईना.


फाल्गुन वद्य ८

हैद्राबाद. झालं!

मोठी खोली, वर पंखा. साहेब कमी बोलतो. त्याचा मुन्शी दखनीत विचारतो. गाव, बापाचं नाव, लग्न कुठं झालं, सगळं सांगितलं. मग— "तुमारे मरद का नाम?"

मी कपाळावरच्या कुंकवाकडं बोट केलं.

"नाम लेना पडता अम्मा. इशारे से नै चलता."

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी तोंड उघडलं तोच मुन्शी म्हणाला, "आपको नै पूछे." साहेबानं लेखणी खाली ठेवली. काहीतरी इंग्रजीत बोलला. अप्पा दाराबाहेर. खोलीत पंख्याचा आवाज. मला कळलं, ही लेखणी पुन्हा उचलली नाही तर संपलं.

"उद्धवराव!"

केवढ्यानं ओरडले! मुन्शी दचकला. साहेब चक्क हसला आणि लिहू लागला. पाठीवरची खूण विचारली, तीही सांगितली. तोंड तापून लाल.

मग आत्याबाईंना विचारलं— ही तुमचीच सून का? तुमच्या मुलाची एकच बायको का? "हौ. एकच." ही गेल्यावर तुम्हाला कोण बघणार?

आत्याबाई आवाजाच्या दिशेला तोंड करून, अगदी ताठ उभ्या होत्या. "मेरेकू बहोत लोगां हैं साब. घर भरके हैं."

घर भरून! म्हैस आणि दोन चुली, एक मोडकी.

तिथंच बोलायचं होतं. बोलले नाही.


फाल्गुन वद्य १३

घरी. हैद्राबादचं काम झालं, वैशाखात मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर जागा आहे. अप्पा आनंदात. मी घरभर आत्याबाईंच्या मागं मागं. आता सगळं दिसतं. भाकरी भाजली का ते वासावर कळतं त्यांना. मीठ कुठं, विस्तव कुठं, पाच पावलांवर उंबरा. कुणी एक पाट हलवला तर पडतील. सकाळी मीच हलवलेला होता. धावत जाऊन परत ठेवला.

रोज औषध कोण घालणार? शकुबाई? एक दिवस घालील, दुसऱ्या दिवशी बोलून दाखवील.


चैत्र शुद्ध १, शके १८५९. पाडवा

ठरलं. मी जात नाही.

अप्पांना सांगितलं. ते पाडव्याची साखरेची गाठी घेऊन आले होते, तशीच हातात राहिली. "नीट विचार केलास का?" "केला." "जावईबापूंना काय कळवू?" "खरं कळवा. त्यांच्या आईचे डोळे गेलेत म्हणून. त्यांनी यावं."

वाटलं होतं, ठरवलं की जीव शांत होईल. कसचं काय! संध्याकाळी परसात जाऊन भिंतीवर डोकं टेकून उभी राहिले. कुणावर तरी खूप राग आलाय. ह्यांच्यावर? म्हातारीवर? ती आंधळी झाली हा काय तिचा गुन्हा? तरी राग आहे. लिहून टाकते. पान काही बोलत नाही.

आत्याबाई पलीकडच्या खोलीत होत्या. सगळं ऐकलं असणार. रात्रीचं जेवण चांगलं जेवल्या.


चैत्र शुद्ध ३

आत्याबाई म्हणाल्या, "अप्पासंगट भालकीला जा. आईजवळ चार दिस ऱ्हा. तुझा जीव थाऱ्यावर न्हाई."

"तुम्हाला औषध?"

"जगदेवप्पा घालतो म्हणलाय. जा गं! मी काय मरायलेय?"

निघताना माझ्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी. सावकाश. असं कधी केलं नव्हतं. मी म्हणाले, चार दिवसांत येते. त्या म्हणाल्या, "व्हय, व्हय."


चैत्र शुद्ध ९

दाराला कुलूप. जगदेवप्पा किल्ली घेऊन धावत आले.

आत्याबाई परवाच करजगीला गेल्या. भावाकडं. जमिनीच्या वाटणीवरून भांडण झाल्यापासून ज्या पिराप्पामामांच्या घरचं पाणी त्या प्यायल्या नव्हत्या, त्यांनाच निरोप धाडून बोलावून घेतलं. म्हैस त्यांच्या गाडीमागं बांधली. जगदेवप्पांना सांगून गेल्या— "सूनबाईला म्हणाव, घरात आता कुणी न्हाई. कुणासाठी थांबायलीस?"

अप्पांनी आणलेली मोटार वळायलाच लागली होती. मी उंबऱ्यावरून ओरडले— थांबा! आधी करजगीला जायचंय. तिथून मुंबईला, बोटीवर.