काढा की वाढवा

सोम., ४ सप्टें.

दवाखान्याच्या लॅबमधून आज पुन्हा माझ्या प्रिंटर-दुरुस्तीच्या दुकानात फोन. रक्ताच्या ट्यूबवर चिकटवायची लेबलं छापणारा प्रिंटर एक छापतो, दोन कोरी सोडतो. गेले. कोणीतरी ड्रायव्हरमध्ये कागदाचा साइज ए-फोर करून ठेवलेला. बोटाएवढं लेबल, आणि ह्याला वाटतंय आपण लग्नपत्रिका छापतोय. साइज बदलला, बटण दाबून धरलं, लेबलांमधली फट त्याची त्याला ओळखू दिली. झालं.

नावंही फुटत होती, काना इकडे, वेलांटी तिकडे. तेही नीट केलं. ट्यूबला उभं चिकटवायचं म्हणून नाव असं छापतात की अक्षर एकेक करून बाहेर येतं. तिथली आया कौसाबाई ते बघत उभी राहते. म्हणते, "जसं कोनी लपून नाव सांगून राह्यलं." आणि पूर्ण निघायच्या आत ओढते. ओरडले तिच्यावर. अर्धं लेबल ओढायचं नाही, हे त्या लॅबच्या भिंतीवर रंगवून घ्यावं लागेल. ओढलं की त्याचं सगळं मापच चुकतं.

बाकावर फवारणीवाले बसलेले, कपाशीवरचं विष अंगात गेलेले. डोळे लाल, लाळ गळतेय. एकाला स्वतःचं नाव सांगता येईना, बायकोनं सांगितलं.

आमचा प्र. सकाळीच फवारणीचा पंप घेऊन गेला. तोंडाला रुमाल बांध म्हटलं तर "ताई, गरमीनं जीव जाते." यंदा पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलीय. हात वर करून फवारायचं आणि खाली आपल्याच तोंडावर घ्यायचं. सुनीताला म्हटलं, तुझा नवरा आहे, तूच समजव. तर म्हणते, "तुमचा भाऊ पहिले." खरं आहे. आई गेली तेव्हा तो शाळेत जात होता. मीच जेवू घातलं, मीच बदडलं.

गुरु., ७ सप्टें.

शबानाचा फोन. लॅबमध्ये संगणकावर बसते, नवीन आहे. "ताई, आपोआप छापून राह्यलं." गेले. सकाळी प्रोग्रॅम उघडला की कोणी न सांगता लेबल येतं. भाऊराव, पु., ५२.

"येऊ दे की. पेशंट असेल."

"ताई, ते सोमवारीच गेले."

"कुठं गेले?"

शबानानं वर बोट केलं. मग कळलं. सोमवारी ज्याला स्वतःचं नाव सांगता आलं नव्हतं, तोच.

छपाईच्या रांगेत काम अडकून राहिलं असेल. रांग रिकामी केली, छपाईची सेवा बंद करून चालू केली. म्हटलं, माणूस जातो गं, त्याचं प्रिंटिंग जात नाही. शबाना हसली नाही. मला तरी कुठं बोलायचं ते कधी कळतंय.

शनि., ९ सप्टें.

भाऊराव परत. काल दोन होती म्हणे, आज तीन.

ड्रायव्हर उपटून काढला, पोर्ट बदलला, नवा घातला. टेस्टचं लेबल छान येतं. माझ्यासमोर सगळं शहाण्यासारखं, पाठ फिरली की चाळे. पोरांसारखंच आहे हे यंत्र.

कौसाबाई ती लेबलं टाकत नाही. कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. "नाव पायाखाली येऊ नये, माय." दार उघडून दाखवलं. खाली एक, त्यावर दोन, त्यावर तीन, हातानं सारखी केलेली. मी दार हळूच लावलं. नेहमी आपटते.

मंगळ., १२ सप्टें.

आज उघडायच्या वेळेलाच जाऊन बसले. शबानानं प्रोग्रॅम उघडला. माउसला कोणाचा हात नाही. प्रिंटर टिक टिक करायला लागला. भा. ऊ. रा. व. मग परत भा. कौसाबाईचे ओठ प्रत्येक अक्षराबरोबर हलत होते. रोज एक जास्त येतंय.

घाबरले. इथं खोटं लिहून काय करू. बाहेर चांगलं ऊन होतं, रिक्षावाला कोणाशी तरी भांडत होता, आणि मी त्या डबीकडे बघून घाबरले. बाबासाहेबांच्या फोटोखाली वाढलेली मी, भुतंखेतं आमच्या घरात कोणी उंबरठ्यात उभी केली नाहीत. मग घाबरल्याचाच राग आला आणि ड्रायव्हर दुसऱ्यांदा उपटला.

शुक्र., १५ सप्टें.

प्र. अर्धी भाकर टाकून उठला. मळमळतंय म्हणाला. उद्या जाऊ नको म्हटलं. "बोंडअळी थांबते का माह्यासाठी?" मोठं भांडण. मी रुमाल फेकून मारला. तो हसला, तोच डोक्याला बांधला. तोंडाला नाही, डोक्याला.

दसऱ्याला दीक्षाभूमीला दोघांनी जायचं ठरलंय. निळा शर्ट शिवायला टाकलाय म्हणे.

सोम., १८ सप्टें.

 क्रमानं लिहिते.

दुपारी प्र.ला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं. समोरचं दिसत नव्हतं त्याला. "ताई, तू हायेस का?" मी हात धरूनच होते. डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त घेतलं, म्हणाले रिपोर्ट बघून यवतमाळला मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरवू.

रिपोर्ट येईना. बाकीच्यांचे आले. शबाना म्हणते, "ताई, प्रशांतभाऊचं सॅम्पल मशीनमध्ये दिसूनच नाही राह्यलं." मग तिनं पडदा माझ्याकडे फिरवला. पडद्यावर रिपोर्ट होता. भाऊराव, पु., ५२. आजची तारीख. रक्त फार वाईट.

दोन आठवड्यांपूर्वी गेलेल्या माणसाचं आजचं रक्त. शबाना कलमा पुटपुटायला लागली. मी पडदा हातानं पुसून परत वाचलं. त्याच वेळी आत प्र.ला उलटी झाल्याचा आवाज आला आणि डोकं ताळ्यावर आलं.

दुपारी लाइट गेली होती. आली तेव्हा प्रोग्रॅम नव्यानं उघडला, म्हणजे भाऊराव पुन्हा छापला गेला. कौसाबाईला विचारलं, दुपारची लेबलं कुठंयत? तिनं दार उघडलं. सकाळची होती तेवढीच. दुपारचं एकही नाही. टेबलावर चाळलं, तर दुपारची पट्टी कागदाखाली पडलेली. तिच्या टोकाला प्रशांतचं लेबल तसंच, आणि पुढून भाऊरावचं एक तोडलेलं. गर्दीत शबानानं हाताला आलं ते प्रशांतच्या ट्यूबला लावलं होतं. मशीनला रक्त कोणाचं ते काय कळणार, ते लेबलावरचा बारकोड वाचतं.

भाऊरावचं रक्त म्हणजे आमचंच रक्त. डॉक्टरांकडे धावले. परत रक्त घेतलं, तसंच आलं. लगेच गाडीत घातलं. यवतमाळला एकालाच थांबू देतात. सुनीता थांबली. मी शेवटच्या एसटीनं परत.

बुध., २० सप्टें.

आज प्रथमच लॅबचा प्रोग्रॅम नीट उघडून बघितला. इतके दिवस नुसती ड्रायव्हरच्या मागे लागले होते. भरती पेशंटच्या नावापुढं दोन बटणं. एकावर 'वाढवा', एकावर 'काढा'. नाव असेपर्यंत रोज सकाळी एक लेबल आपोआप छापतं; वाढवा दाबलं की पेशंटचा मुक्काम वाढतो आणि लेबल रोज एक जास्त. ज्यानं बनवलं त्याला एकदा भेटायचंय मला.

"शबाना, हे कोणी दाबलं?"

"मीच. कौसाबाईनं सांगतलं होतं."

कौसाबाई म्हणते, "मी त म्हनलं, त्याचं नाव वाढव बाई. गेलेल्या मानसाले काढ कसं म्हनू?"

बरोबर आहे तिचं. दुकान बंद केलं कोण म्हणतं? वाढवलं म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. शबानाच्या घरात उर्दू. तिनं वाढव ऐकलं, समोर वाढवा लिहिलेलं बघितलं आणि दाबलं. "मले वाटलं बटनच सांगून राह्यल्या."

हसायला लागले आणि ते रडण्यात कधी गेलं कळलं नाही. कौसाबाई पाठीवरून हात फिरवत होती. बिचाऱ्या ड्रायव्हरचा काही गुन्हा नव्हता, उगाच दोनदा उपटला त्याला. भाऊरावचं नाव माझ्या हातानं काढलं. काही झालं नाही. नाव गेलं, खालची नावं वर सरकली.

मग शबानानं हळूच विचारलं, "ताई, प्रशांतभाऊचं? ते त यवतमाळले गेले. काढू?"

माउसचा बाण त्याच्या नावावर होता.

"राहू दे," म्हटलं.

शुक्र., २२ सप्टें.

सुनीता फोनवर: "तसंच हाये." डोळे उघडले का विचारलं. "एक डाव. वळखलं नाही."

सकाळी लॅबमध्ये. प्रशांत, पु., २७. एक लेबल. पर्समध्ये ठेवलं.

मी काय करतेय ते मला माहीत आहे. इथं नसलेल्या माणसाचं लेबल किती घातक आहे ते या गावात माझ्याइतकं कोणाला कळतं? तरी सकाळी ते येताना बघितल्याशिवाय दुकान उघडावंसं वाटत नाही. कौसाबाईला बजावलंय, मी नसले तर पहिलं ते उचल.

मंगळ., २६ सप्टें.

प्रोग्रॅमनंच विचारलं. प्रशांतच्या नावाखाली लाल अक्षरं: मुदत संपली. वाढवा / काढा.

शबाना माझ्याकडे बघतेय. मागे पेशंटची रांग. तिला काम करायचं होतं, तिचाही काय दोष.

"वाढव," मी म्हटलं.

कौसाबाईनं पदर तोंडावर घेतला. "काय बोलली पोरी तू!"

"अहो, बटणाचं नाव आहे ते."

"बटनाचं असन. तोंडातून त तुह्याच गेलं."

दिवसभर तेच कानात. दुकानात एकाची शाई सांडली माझ्याकडून. असल्या गोष्टी मी मानत नाही. मानत नाही, पण बोललेला शब्द परत गिळता येत नाही, एवढं मात्र आज कळलं.

गुरु., २८ सप्टें.

प्र.च्या तोंडात नळी टाकली. सुनीताला नीट सांगता येईना, मला नीट ऐकता येईना.

लॅबमध्ये आज तीन लेबलं. पर्समध्ये आजची दोनच सापडली. तिसरं कुठं गेलं म्हणून आत गेले, तर शबानाच्या बोटावर. फवारलेल्या शेतात निंदणाऱ्या, नुकत्याच आणलेल्या एका बाईची ट्यूब तिच्या दुसऱ्या हातात. चिकटवणारच होती. कौसाबाईनं तिचं मनगट धरलं होतं.  ती बाई बाकावर बसून नवऱ्याला विचारत होती, "तू हायेस का?"

प्र.नं मला विचारलं होतं तेच. घरी येऊन जेवले नाही. उद्या नाव काढते.

शुक्र., २९ सप्टें.

हे लॅबच्या बाकावर बसून लिहितेय.

आधी सुनीताला फोन लावला. लागला नाही. वॉर्डात असेल, तिथं फोन बंद ठेवायला लावतात.

छपाईची रांग बघितली, रिकामी. शबानाला उठवून मी बसले. माझा शब्द, माझाच हात. 'काढा' दाबलं. खात्री आहे का, विचारलं त्यानं. परत दाबलं. नाव गेलं. खालच्या बाईचं नाव वर सरकलं. आज इथलं कोणाचं लेबल कोणाला लागणार नाही, एवढं झालं.

रडू आलं नाही. कौसाबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "येऊ दे म्हन त्याले. जा नको म्हनू." म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, सगळ्या पेशंटसमोर. ये रे प्रशा.

आणि प्रिंटर टिक टिक करायला लागला. रांग रिकामी होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. लेबलाचं टोक बाहेर आलं आणि लाइट गेली.

यूपीएस केव्हाचा बिघडलाय. पडदा काळा. लेबल अर्धं बाहेर, अर्धं आत. दिसतंय ते एकच अक्षर, प्र.

बाकावर विचारलं. प्रमिला, प्रभाकर, प्रल्हाद, कोणी आहे का? कोणी नाही.

हात आपोआप पुढं गेला.

"ओढू नको, माय," कौसाबाई म्हणाली. "तूच सांगतलं होतं."

सुनीताचा फोन अजून लागत नाही. शबाना खिडकीतून बघून आली, पलीकडच्या गल्लीतही लाइट नाही. तिघी बसलोय. कौसाबाईनं लेबल खाली पडू नये म्हणून त्याच्याखाली तळहात धरलाय, आणि मी हे लिहितेय कारण नाहीतर ओढेन.